वेगळ्या चुलीची चाकं

हर्सूलच्या तुरुंगावरून पुढं गेलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागायचं आणि शेडच्या दारात एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत खंडेराव बसलेले असत. गाडी रस्त्यावरून शेडकडं वळली, की ते मालकाकडं बघत नसत, नंबराकडं बघत नसत, गाडीच्या पुढच्या चाकांकडं बघत. निकाल तेवढ्यात लागे. पुढं अख्खा एक्सल दिसला तर खंडेराव उठून उभे राहत. नाही दिसला, तर बसल्या जागेवरून विचारत, "काय, पत्ता चुकला का?"

पुढची दोन्ही चाकं एकाच जाड लोखंडी नळीच्या दोन टोकांना बसवलेली असली, तरच खंडेराव तिला गाडी म्हणत. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, कावडीच्या दोन घागरींसारखं. बाकी सगळा पसारा, म्हणजे डावं चाक डाव्या आर्मवर, उजवं चाक उजव्या आर्मवर, ज्याला कंपन्या इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणतात आणि रंगीत कागदावर छापतात, त्याला खंडेरावांच्या शेडमध्ये 'वेगळी चूल' असं नाव होतं.

"भाऊ भाऊ वेगळे निघाल्यात," ते गिऱ्हाइकाला समजावून सांगत. "ह्याच्या घरी मयत झाली तरी त्याच्या घरी पुरणपोळी. कुणाला कुणाचं सुतक नाय. असली चाकं माळावर चालत्यात व्हय? ही चाकं शहरातल्या डांबरावर मिरवायची."

एकदा सिडकोतले एक डॉक्टर आपली नवी चकचकीत गाडी घेऊन आले. पुढून कर्रकर्र असा आवाज येतोय, म्हणाले. खंडेरावांनी कान दिला आणि मान हलवली. "आवाज नाय डॉक्टरसाहेब, रडायलीय ती. तुमच्या दवाखान्यात ठेवा चार दिस, सलाइन लावा." डॉक्टर पुन्हा आले नाहीत. त्याचं खंडेरावांना काडीचं वाईट वाटलं नाही. उलट खुर्चीवर जरा जास्तच सैल होऊन बसले.

हा तुच्छतेचा व्यवसाय खंडेराव वीस-पंचवीस वर्षं इमानेइतबारे करत होते. गाव त्यांचं पाचोडकडचं. पाचोडपासून अडीच कोसांवर एका खडकाळ टेकाडावर धनगरांची सात घरं आहेत, त्यांतलं एक. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ते मेंढरांच्या मागं होते. शंभरात एखादं मेंढरू पाय उचलून टाकत असलं, तर ते त्यांना लांबून कळायचं. पुढं शहरात आले, ट्रका धुतल्या, नट आवळायचे पाने उचलले, लष्करातून लिलावात निघालेल्या जुन्या जीपांखाली झोपून हात काळे केले, आणि मेंढरांच्या पायांवरून चाकांच्या पायांवर आले. नजर तीच राहिली. लंगडं जनावर कळपात ठेवायचं नाही हा नियमही तोच राहिला. वेगळ्या चुलीची गाडी आली, की तिचे पुढचे सगळे आर्म, सांधे, बुश काढून कोपऱ्यात फेकायचे आणि त्याजागी जुन्या जीपचा अख्खा एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवायचा, हे त्यांचं काम. मालकाला वाटे की गाडी सुधारली. खंडेरावांना वाटे की घर जुळलं.

शेडच्या मागं दोन खोल्यांत ते आणि अंबिकाबाई राहत. अंबिकाबाईला एक्सलमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं सगळं कळत होतं. "गाड्यांची घरं जोडत बसलाय," ती शेजारणीला सांगे, "सोताच्या बहिणीला फोन करायचा तर म्हणतो, तूच कर."

दुष्काळाचं ते दुसरं की तिसरं वर्ष. लोकांनी मोजणं सोडलं होतं. शहराच्या चारी अंगांनी पाऊस पडत नव्हता, प्लॉट तेवढे पडत होते. काल जिथं बाजरीची धसकटं होती तिथं आज चुन्याच्या रेघा आणि 'स्वप्ननगरी' असा फलक. ज्यांच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, त्यांच्या पोरांना अचानक रस्ते सपाट वाटायला लागले. त्यांनी मोठाल्या चाकांच्या गाड्या घेतल्या आणि रविवारी खड्डे शोधत हिंडू लागले.

विश्वजीत त्यांतला. शेंद्र्याकडचा, चांगल्या घरचा. आजोबांनी ज्या वावरात बैल घातले त्या वावरात आता कुणीतरी नट-बोल्ट बनवत होतं. गाडीला पुढं विंच, मागं शिडी, टपावर सहा दिवे, आणि मध्ये विश्वजीत. त्यानं मित्रांचा एक क्लब काढला होता, नाव 'डेक्कन मड टायगर्स'. आता नावातच मड असल्यावर चिखल पाहिजे. जिल्ह्यात तर माणसाला तोंड धुवायला पाणी नाही. वाघांनी एका रविवारी टँकर मागवला, उजाड माळावर रिकामा केला, आणि त्या चिखलात संध्याकाळपर्यंत गाड्या लोळवल्या.

हे ऐकलं त्या दिवशी खंडेरावांनी चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी विश्वजीत शेडवर आला तेव्हा म्हणाले, "या, वाघ या. आमच्याकडं म्हशीबी चिखलात बसत्यात. पण त्या असलेल्या चिखलात बसत्यात, मागवत नायत."

"मामा, ते एकदाच केलं. आम्हालाही नंतर बरं नाही वाटलं," विश्वजीत खाली बघत म्हणाला.

"नंतर म्हंजे कवा? गाडी धुताना?"

तरी विश्वजीत यायचा. खंडेरावांच्या तुच्छतेचं त्याला व्यसन लागलं होतं. घरात, क्लबात सगळे त्याची वाहवा करत. इथं आलं की पोटात काहीतरी खरं गेल्यासारखं वाटे. त्याच्या गाडीला वेगळी चूलच होती, पण त्यानं तिचे आर्म बदलून जाडजूड बसवले होते, सांधे भारी घातले होते. तो म्हणायचा, "वेगळी चूल वाईट नाही मामा. ती कच्ची असते हा दोष आहे. पक्की करून घेतली तर चालते. आणि तुमचा एक्सल बसवला की गाडी वीतभर उंच होते. तिरप्या उतारावर उंच गाडी कलंडते."

"कलंडती ती चालवणाऱ्याच्या कर्मानं," खंडेराव म्हणायचे, आणि चर्चा संपायची.

त्या उन्हाळ्यात एके सकाळी बानाबाईचा फोन आला. बानाबाई म्हणजे खंडेरावांची थोरली बहीण, वस्तीवर राहणारी, नवरा वारल्यापासून साठ मेंढरं एकटीच्या जिवावर सांभाळणारी. तिचा फोन वर्षाकाठी दोनदा येई, आणि दोन्ही वेळा ती 'खंड्या' एवढंच म्हणून थांबे. मग खंडेरावांनी विचारायचं, काय झालं.

"काय झालं आक्का?"

"कडूबा म्हणतोय, आता नाय येणार."

कडूबा पाचोडचा. त्याच्याकडं फोर व्हील पिकअप होती आणि तिच्यावर पत्र्याची हजार लिटरची टाकी. पाचोडच्या खालच्या अंगाला एका विहिरीत अजून पाणी होतं. तिथनं भरून तो निम्मं पाणी पायथ्याच्या वाडीला द्यायचा आणि निम्मं टेकाडावर न्यायचा. मोठा टँकर त्या दगडांत चढत नव्हता. वस्ती त्या पिकअपवर जगत होती. आणि महिन्यात तीन वेळा पिकअपचा पुढचा आर्म दगडाला आपटून वाकला होता.

"मग माणसं पायथ्याला उतरतील," बानाबाई म्हणाली. "माणसाचं काय, कुठंबी राहील. मेंढरं कुठं नेऊ? छावणीत गुरं घेत्यात, मेंढरं नाय घेत. हा बाजार जाऊ दे, त्याच्या पुढच्या बाजाराला नेते पाचोडला. सगळी."

साठ मेंढरं. त्यांतली कितीतरी खंडेरावांच्या बापानं राखलेल्या कळपाच्या वंशातली. खंडेरावांनी फोन कानाला तसाच ठेवला आणि शेडच्या पत्र्याकडं बघितलं. मग त्यांना एकदम हुशारी आली. कारण रोग त्यांच्या ओळखीचा होता.

"आक्का, गाडीला काय आहे पुढं? वेगळी चूल ना?"

"मला नाय माहीत तुझी चूलबील."

"कडूबाला म्हणावं गाडी घेऊन ये हर्सूलला. तीन दिसांत देतो. परत जन्मात आर्म वाकणार नाय. कारण आर्मच ठेवणार नाय."

कडूबा आला. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. गाडी उभी केली आणि खंडेरावांनी चाकांकडं बघून जी तोंडं केली ती त्यानं मुकाट बघितली. त्याच दुपारी विश्वजीतही टपकला. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, ह्याला एक्सल नका टाकू. आर्मला जाड पट्ट्या मारून घ्या, सांधे मोठे घाला. एका दिवसाचं काम आहे. वर पाण्याची टाकी आहे, उंच नका करू."

"झालं शिकवून? हे घे," खंडेराव म्हणाले, आणि काढलेले दोन्ही आर्म त्याच्या हातात कोंबले. "घरी न्हे. शोकेसात ठेव. खाली लिही, इथं एक लंगडी गाडी मेली."

विश्वजीतनं ते खरंच नेले.

एक्सल शहागंजच्या मागच्या गल्लीत मिळाला. तिथले जुन्या सामानाचे चाचा खंडेरावांना बघून हसले. "आज किसके पाँव काट रै, खंडेरावभाई?"

"पाय लावायलोय चाचा. मपल्या आक्काच्या पाण्याला."

तीन दिवस खंडेराव खुर्चीत बसले नाहीत. नवे पाटे, नवे यू-बोल्ट, स्टिअरिंगची दांडी फिरवून घेतली, भंडाऱ्याची चिमूट एक्सलवर टाकली. चौथ्या दिवशी पिकअप वीतभर उंच होऊन उभी राहिली. कडूबाला आत बसायला आता उडी मारावी लागत होती. खंडेराव तिच्याभोवती दोनदा फिरले आणि त्यांचा ऊर भरून आला. असं घर त्यांनी आजवर जुळवलं नव्हतं.

आता ओझं घालून चाचणी घ्यायची. आणि इथं खंडेरावांनी ती चूक केली, जी फक्त पाण्याला मोहरेसारखं जपणाऱ्या दुष्काळी माणसानं आणि त्यातही मेंढपाळाच्या पोरानं करावी. गाडी वस्तीच्या पायथ्याला नेली. टाकीत पाणी भरून बघायचं तर सांडलं, उडलं, वाया गेलं म्हणजे? सात घरांचं एक दिवसाचं पाणी चाचणीसाठी हलवायचं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. खंडेरावांच्या तर नाहीच नाही.

"टाकी उतरवा," ते म्हणाले. "मेंढरं भरा."

पंचवीस मेंढरं आणि चार माणसं चढवली. वजन जवळपास तेवढंच. पिकअप निघाली. दगडावर चाक चढे, दुसरं दबे, पाटे कुरकुरत वाकत, आणि गाडी बैलासारखी मान हलवत वर सरके. शेवटी एक तिरपं वळण होतं, ज्याला वस्तीवर घसरंडी म्हणत. उजवी बाजू उंच, डावीकडं ओघळ. कडूबानं दात आवळले. मेंढरं 'ब्यॅ' म्हणाली आणि एकमेकांना टेकून वरच्या अंगाला सरकली. गाडी निघून गेली. वस्तीवर पोचल्यावर पोरीबाळींनी टाळ्या वाजवल्या. खंडेराव खाली उतरले आणि एक्सलवर पाय ठेवून उभे राहिले.

"वेगळ्या चुलीनं हे केलं असतं का रं कडूबा?"

कडूबा म्हणाला, "उद्या पाणी आणतो." तो नेहमी एवढंच बोले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप पाणी घेऊन निघाली. खंडेराव कडूबाशेजारी बसले होते, पाहुण्यासारखे. वाडीला निम्मी टाकी उतरली. चढ सुरू झाला. दगड गेले, खड्डे गेले, खंडेराव प्रत्येक दगडाला नावं ठेवत होते. मग घसरंडी आली.

गाडी डावीकडं कलली. टाकीत उरलेलं निम्मं पाणी डावीकडं गेलं. टाकीच्या पत्र्याला आतून एवढा धप्प आवाज झाला की जणू आत कुणी म्हैस उभी होती आणि आडवी झाली. गाडी आणखी कलली, पाणी आणखी सरकलं. आणि ज्या चाकाबद्दल खंडेराव वीस वर्षं सांगत आले होते की ते जमीन सोडत नाही, त्या उजव्या चाकानं जमीन सोडली.

"मामा," कडूबा ब्रेकवर उभा राहून म्हणाला, "मी उतरतो."

"उतरू नको! हलू नको!" खंडेराव कडूबाच्या अंगावरून उजव्या दारानं बाहेर पडले आणि त्या दाराला वटवाघळासारखे लटकले, अंगाचा सगळा भार वरच्या अंगाला टाकून. गाडी थरथरत थांबली. पण किती वेळ थांबणार? वरनं बाया बघत होत्या. बानाबाई सगळ्यात पुढं.

"कॉक सोड!" खंडेराव ओरडले. "पाणी सोडून दे!"

"कशाचं?"

"टाकीचं, मुडद्या, टाकीचं!"

कडूबानं हातब्रेक ओढला आणि डाव्या दारानं उतरून मागचा कॉक उघडला. बाया हंडे घेऊन धावत खाली आल्या, घसरल्या, पडल्या, उठल्या. चार हंडे भरले. बाकी सगळं पाणी मुरमानं पिऊन टाकलं, इतक्या लवकर की ओलही राहिली नाही. टाकी रिकामी झाल्यावर चाक खाली टेकलं, हळूच, काहीच झालं नाही असं.

बानाबाई येऊन उभी राहिली. तिनं आधी मुरमाकडं बघितलं, मग भावाकडं.

"खंड्या, मेंढराला चार पाय असत्यात. गाडी कलली की ते दुसऱ्या अंगाला सरकतंय. पाण्याला पाय असत्यात का रं?"

खंडेराव खाली वाकून पाटे बघू लागले.

"पंचवीस वर्सं गाड्यांचे पाय बघतोस. एवढं तर मलाबी कळतंय, मी तर चौथीबी नाय शिकली."

"आक्का, एक्सल चांगलाय, टाकीचं जरा..."

"वेगळी चूल, वेगळी चूल म्हणून वरडत असतोस म्हणं. अंबिका सांगती. अन् तू? हर्सूलला कुणाची चूल हाय? मपली का तुझी? बा मेल्यावर कोण वेगळं निघालं? चाकानं वेगळं ऱ्हायलं की तुला झोंबतंय व्हय?"

वस्तीवरच्या कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसल्याचा आवाज आला. कडूबानं दुसरीकडं बघितलं.

"बाजार चार दिसांवर हाय," बानाबाई म्हणाली आणि रिकामा हंडा काखेत घेऊन वर निघून गेली.

पिकअप घेऊन हर्सूलला परतल्यावर खंडेराव जेवायला बसले, पण ताटातल्या भाकरीकडं असे बघत बसले की जणू तिच्यात बिघाड आहे. अंबिकाबाईनं ऐकून घेतलं. पिठल्याचं भांडं खाली ठेवत ती म्हणाली, "माहेरी असताना आम्ही डोक्यावर हंडा आणायचो ना, तवा पाण्यावर लिंबाची डहाळी टाकायचो. पाणी हिंदकळत नाय. तुमच्या टाकीत डहाळी कुठाय?"

खंडेरावांनी तिच्याकडं तुच्छतेनं बघितलं. मग तिच्याकडं बघणं सोडून दिलं. मग घास तसाच ठेवून उठले आणि टाकीजवळ गेले. आत वाकून बघितलं. आत काहीच नव्हतं, मोकळं घर. पाणी अंगणात पोरं पळावीत तसं पळत असणार. आत पत्र्याच्या आडव्या भिंती घातल्या, भोकं ठेवली, की पाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हळूहळू जाईल. हे त्यांना सुचलं, आणि हे सुचायला बायकोची डहाळी लागली, याचा त्यांना फार राग आला.

पण भिंतींनी अर्धंच काम होणार होतं. गाडी वीतभर खाली आली पाहिजे होती. एक्सल काढायचा, आणि आर्म परत लावायचे, जाड करून. खंडेराव शेडमध्ये फेऱ्या मारू लागले. नवे आर्म चार दिवसांत कुठून येणार? जुने तर त्यांनी स्वतःच्या हातानं एका वाघाला देऊन टाकले होते.

शेवटी ते गेले. विश्वजीतच्या घरासमोर, ज्या बंगल्याच्या फाटकावर दोन सिंह होते. विश्वजीत धावतच आला.

"मामा! तुम्ही? इकडं?"

"सिंहाबरोबर वाघ राहत्यात वाटतं इथं," खंडेराव म्हणाले. "ते आर्म फेकले का?"

"फेकले कसे मामा? या."

गॅरेजमध्ये टेबलावर दोन्ही आर्म ठेवलेले होते. पण ते आता ओळखू येत नव्हते. वाकलेला भाग सरळ केलेला, खालून जाड पट्टी मारलेली, वेल्डिंग ओळीत, सांध्याला नवी भारी बैठक, काळा रंग. विश्वजीत जरा लाजून म्हणाला, "रविवारी वेळ होता. आता चिखलात जात नाही आम्ही. मग बसून केलं. म्हटलं, कडूबाची गाडी केव्हातरी परत येईल."

"केव्हातरी? तुला काय माहीत होतं रं?"

"माहीत नव्हतं. वाटलं."

खंडेरावांनी आर्म उचलला, उन्हात नेला, चष्मा काढला, घातला, वेल्डिंगवर नख फिरवलं, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. अर्धा तास गेला. दोष सापडेना. दोष सापडत नाही ही त्यांना आयुष्यात फार कमी वेळा आलेली अडचण होती.

"रंग बरा दिलाय," ते अखेर म्हणाले.

विश्वजीतला एवढा आनंद झाला की त्यानं आर्म उचलून स्वतः खंडेरावांनी आणलेल्या टेम्पोत नेऊन ठेवले, आणि मग विचारलं, "मामा, मी येऊ का लावायला?"

"ये. पण बोलायचं नाय."

तीन दिवस दोघं शेडमध्ये राबले. तिकडं वस्ती पुन्हा पाचोडच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहत होती. विश्वजीत बोलला नाही. खंडेरावच बोलत होते, दिवसभर, त्या आर्मशी, शिव्या देत. एक्सल काढून बाजूला ठेवताना त्यांनी त्याच्यावर गोणपाट घातलं, म्हाताऱ्यावर चादर घालावी तसं. बोल्ट आवळताना प्रत्येक बोल्टला एक शिवी होती. टाकीत चार भिंती बसल्या. पिकअप पुन्हा खाली आली, खुजी, जमिनीला धरून.

बाजाराच्या दिवशी सकाळी खंडेराव पायथ्याला पोचले तेव्हा वर बानाबाईनं मेंढरं गोळा केली होती. साठही. पाठीवर तांबडी काव लावून खुणा केलेल्या, बाजाराला न्यायच्या आधी करतात तशा. ती काठी घेऊन उभी होती आणि उतरायचं थांबली होती, एवढंच.

वाडीला निम्मं पाणी दिलं. कडूबा चढाला लागला. या वेळी खंडेराव आत बसले नाहीत. गाडीच्या पुढं, तोंड गाडीकडं करून, उलटे चालत वर निघाले. डोळे दोन चाकांवर. डावं चाक दगडावर चढलं, उजवं आपलं खालीच राहिलं, त्याला काही देणंघेणं नाही.

"बघ, बघ कसं चाललंय," खंडेराव म्हणाले. "निर्लज्ज. भाऊ चढतोय, अन् हा खाली बसलाय. ये, ये तसाच. तोंड वर करू नको. लंगड्या, ये."

घसरंडी आली. गाडी डावीकडं कलली. टाकीत पाणी हललं, पण धप्प झालं नाही, झुळझुळ झालं, कुणीतरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं. खंडेराव थांबले. त्यांच्या तोंडातली शिवी तिथंच अडकली. उजवं चाक जमिनीवर होतं. एक क्षण ते हलकं झालं, त्याखालून एक खडा निसटला आणि ओघळात गेला. मग पुन्हा दबलं. गाडी वर सरकली, आणखी सरकली, आणि सरळ झाली.

वस्तीवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे टाकीच्या आवाजाकडं कान लावून होते.

कडूबानं गाडी वस्तीच्या मधोमध उभी केली. बाया हंडे घेऊन आल्या, पण बानाबाईनं हात वर केला आणि सगळ्या थांबल्या. तिनं आपल्या हंड्यात आधी पाणी घेतलं. तो घेऊन ती पुढं आली, पुढच्या डाव्या चाकापाशी, आणि पाहुण्याच्या पायावर घालतात तसं तांब्यानं चाकावर पाणी घातलं. मग उजव्या चाकापाशी गेली.

"आक्का!" खंडेराव ओरडले. "दुष्काळात! चाकावर पाणी! अन् असल्या चाकावर!"

"गप रं," बानाबाई म्हणाली. "तुझ्या पायावर घालू का? तू काय आणलंस?"



बानाबाईनं काठी उचलून मेंढरांकडं वळवली. मेंढरं पाचोडच्या वाटेकडं तोंड करून होती. तिनं हाकाटा घातला, आणि ती सगळी वळून टाकीच्या कॉकखाली भरत आलेल्या दगडी डोणीकडं धावली. पाण्यात तोंडं घालून प्यायला लागली, एकमेकांना ढुसण्या देत, पाठीवरची काव तशीच.

खंडेराव पिकअपखाली वाकून आर्म बघत बसले. पट्टीवर एका दगडाचा ताजा ओरखडा होता, पण पट्टी सरळ होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

कडूबा शेजारी येऊन उकिडवा बसला. "मामा, उद्या दोन खेपा करू?"

"दोन काय, तीन कर," खंडेराव गाडीखालूनच म्हणाले. "मोडली तर मला फोन करू नको. सांगून ठेवतो."

"बरं," कडूबा म्हणाला आणि उठला.

तो चार पावलं गेला असेल नसेल, तोच गाडीखालून हाक आली.

"अन् मोडली, तर लगेच कर. कळलं का? दुसऱ्या कुणाकडं नेऊ नको तिला. हात लावू देऊ नको कुणाला."